आगमनचक्र, गोठा आणि २४ डिसेंबरची रात्र: चर्चच्या तयारीचा क्रम चुकू नये म्हणून

दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मला त्याच तीन तऱ्हेचे फोटो येतात. एकात आगमनचक्रावरच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या आगमनकाळात दर रविवारी एकेक पेटवायच्या मेणबत्त्यांच्या, हिरव्या पाल्याच्या वर्तुळावरच्या) चारही मेणबत्त्या एकदम पेटलेल्या असतात, कारण फोटोत बरं दिसतं. दुसऱ्यात बाळ येशू १० तारखेलाच गव्हाणीत येऊन झोपलेला असतो. तिसऱ्यात गुलाबी मेणबत्ती चौथ्या रविवारसाठी जपून ठेवलेली असते. सजावट तिन्ही ठिकाणी देखणी असते, पण क्रम चुकलेला असतो. रिकामी गव्हाणी, अजून न पेटलेली मेणबत्ती आणि वेदीपाशी मोजकीच फुलं हीच या चार आठवड्यांची सजावट, हे लक्षात आलं की निम्म्या चुका आपोआप थांबतात.

वसई पट्ट्यातल्या एका कॅथलिक धर्मग्रामाच्या सजावट गटात काम करताना, बऱ्याचदा आधी चुकून आणि मग सुधारून, हा क्रम बसला आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत जिथे रीत वेगळी आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

## १. आधी तारखा (ऑक्टोबरचा पहिला आठवडा)

सर्वांत महाग चूक इथेच होते. ‘आगमनकाळ म्हणजे १ डिसेंबरपासून’ असं धरून सामान मागवलं जातं आणि पहिला रविवार नोव्हेंबरातच येऊन जातो.

नियम सोपा आहे. ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा जो रविवार, तो आगमनकाळाचा पहिला रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या बाहेर कधी जात नाही. घरच्या घरी काढायचं तर उलटं मोजा: २५ डिसेंबरच्या आधीचा शेवटचा रविवार हा चौथा, तिथून तीन आठवडे मागे या.

पुढची तीन वर्षं अशी:

- २०२६: पहिला रविवार २९ नोव्हेंबर, तिसरा १३ डिसेंबर, चौथा २० डिसेंबर. नाताळ शुक्रवारी.
- २०२७: पहिला २८ नोव्हेंबर, तिसरा १२ डिसेंबर, चौथा १९ डिसेंबर. नाताळ शनिवारी, म्हणजे लगेच दुसऱ्या दिवशी पवित्र कुटुंबाचा (येशू, मारिया, योसेफ यांचा) रविवार.
- २०२८: पहिला ३ डिसेंबर, तिसरा १७, चौथा थेट २४ डिसेंबर. नाताळ सोमवारी.

२०२८ च्या ओळीखाली आतापासूनच लाल रेघ मारा. त्या वर्षी २४ तारखेला सकाळी जांभळा रंग, चौथी मेणबत्ती आणि आगमनकाळाची गाणी असतील, आणि संध्याकाळी त्याच चर्चमध्ये पांढरा रंग आणि नाताळ. मधल्या पाच-सहा तासांत सगळं पालटायचं. २०२३ साली हेच घडलं होतं, आणि चौथा रविवार परस्पर गाळून सकाळीच नाताळ सुरू केल्याच्या गोष्टी तेव्हा बऱ्याच ऐकल्या.

पहिला रविवार शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सेपासूनच (मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) सुरू होतो. चक्र रविवारी सकाळी बांधू म्हणून ठेवलं, तर शनिवारची मंडळी रिकाम्या टेबलाकडे बघत बसतात.

तपासा: बायबलची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या फेऱ्यात चालतात, आणि वाचनांचं वर्षही याच दिवशी बदलतं. २९ नोव्हेंबर २०२६ पासून ‘ब’ वर्ष, २८ नोव्हेंबर २०२७ पासून ‘क’ वर्ष. वाचनांच्या ग्रंथातली फीत जुन्याच वर्षाच्या पानात राहिली, तर वाचक निमूटपणे तेच वाचतो आणि फादर प्रवचन वेगळ्या शुभवर्तमानावर देतात. सणांच्या अदलाबदलीसाठी धर्मप्रांताची दिनदर्शिका जवळ ठेवा. ८ डिसेंबरचा पवित्र मरियेचा सण रविवारी आला तर तो पुढे सरकतो. २०२४ मध्ये तो ९ तारखेला झाला.

## २. सामान (ऑक्टोबर संपायच्या आत)

मेणबत्त्या आधी मागवा. गडद जांभळ्या जाड मेणबत्त्या डिसेंबरात मिळतील या भरवशावर राहू नका. दुकानात त्या वेळी लाल, सोनेरी आणि चकमकीच्या असतात.

- तीन जांभळ्या, एक फिकी गुलाबी. गुलाबी म्हणजे राणी कलर नव्हे.
- सुमारे ७ सेंटिमीटर जाड, २५ ते ३० सेंटिमीटर उंच. चौघी एकाच मापाच्या.
- प्रत्येकीला एक जोडीदार जादा. पडून तुटली तर तीन रंगांचं मिश्रण नको.

किती पुरतील याचा हिशोब कागदावर करा. शनिवारची एक आणि रविवारच्या तीन अशा चार मिस्सा, प्रत्येकी सव्वा तास धरला तर आठवड्याला पाच तास (मधल्या दिवसांच्या मिस्सा यात धरलेल्या नाहीत). पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळणार, म्हणजे २० तास; दुसरी १५, तिसरी १०, चौथी ५. त्यामुळे चौथ्या रविवारी त्या पायऱ्यांसारख्या उतरत्या दिसतात आणि तसंच दिसायला हवं. ‘पहिली बुटकी झाली, नवी लावा’ असं दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. लावू नका. किती आठवडे वाट पाहिली ते त्या बुटक्या मेणबत्तीवरूनच कळतं.

दुकानदार सांगतो ते तास त्याच्या बंद खोलीतले असतात. एक मेणबत्ती चर्चमध्ये, पंखे चालू ठेवून, तासभर जाळा आणि पट्टीने मोजा.

जांभळ्या मिळाल्याच नाहीत तर चारही पांढऱ्या चालतील. त्यांच्या बुडाशी जांभळ्या कापडाची पट्टी बांधा, मध्यावर किंवा वर नको. मेणबत्ती खाली येत जाते आणि चौथ्या आठवड्यात ज्योत पट्टीला भेटते.

काही प्रोटेस्टंट मंडळ्यांत जांभळ्याऐवजी निळा रंग वापरतात. वापरायचा तर तीनही निळ्या; दोन जांभळ्या आणि एक निळी म्हणजे दुकानात जे उरलं होतं ते.

फुलांची ऑर्डरही आताच बोलून ठेवा. निशिगंध, लिली, पांढरी शेवंती २४ तारखेला हव्या असतात आणि त्या दिवशी त्या सगळ्यांनाच हव्या असतात.

## ३. चक्र बांधणे (पहिल्या रविवारच्या आधीचा शुक्रवार)

पुस्तकांत पाइन आणि फर यांच्या फांद्या सांगितलेल्या असतात. आपल्याकडे मोरपंखी, सुरू, आसोपालव. त्यात मोरपंखी उत्तम, कारण ती गोल वळवता येते. सुरूची फांदी सुंदर दिसते, पण आठवड्यात कोरडी होऊन सुयांचा सडा पडतो, आणि समुद्रकाठची सुरूची बनं आपली नसतात. कोणाच्या वाडीत असेल त्याला विचारून घ्या.

पाया कशाचा करायचा? फुलवाल्यांकडचा हिरवा स्पंज पाणी धरतो, पण तो दर आठवड्याला नवा लागतो. आमच्याकडे केळीच्या वाड्या असल्यामुळे आम्ही केळीचं खोड वापरतो. घड उतरवलेल्या केळीचं खोड तसंही टाकायचंच असतं.

१. साधारण एक मीटर व्यासाची, काठ असलेली पत्र्याची परात किंवा ट्रे घ्या.
२. खोडाचे वीतभर लांबीचे आठ तुकडे करा, उभे चिरा, आणि सपाट बाजू खाली ठेवून परातीत कडेने गोल मांडा.
३. चार ठिकाणी मेणबत्तीचे धातूचे स्टँड बसवा. स्टँडचे खिळे खोडात आरपार जायला हवेत. मेणबत्ती थेट खोडात खोचू नका. खोड सुकून आकसतं आणि मेणबत्ती कलते.
४. मगच पाला खोचा. आधी पाला आणि नंतर मेणबत्त्या, असं केलं की पाला दोनदा खोचावा लागतो.
५. ज्योतीच्या पातळीपासून पाला किमान एक वीत खाली. पहिली मेणबत्ती झिजत जाईल हे धरून तिच्याभोवती आणखी कमी पाला ठेवा.

सावध: केळीच्या चिकाचा डाग कापडावरून निघत नाही. खोड कापणाऱ्याने जुने कपडे घालावेत, आणि वेदीची कापडं त्या खोलीत आणूच नयेत. एका वर्षी आमचं जांभळं आच्छादन त्या चिकाने तपकिरी ठिपक्यांचं झालं. पुढची दोन वर्षं ती बाजू भिंतीकडे करून वापरलं.

मेणबत्त्यांचा क्रम बांधतानाच ठरवा. जांभळी, जांभळी, गुलाबी, जांभळी, आणि प्रत्येक स्टँडच्या बुडाला आकड्याची चिठ्ठी. पेटवणारा जिथे उभा राहणार, तिथून सर्वांत लांबची ती क्रमांक एक. म्हणजे दुसरी, तिसरी पेटवताना हात पेटत्या ज्योतीवरून जात नाही. वेदीसेवकांच्या झग्याच्या बाह्या सैल असतात, आणि वेदीसेवक नऊ-दहा वर्षांचे असतात.

जागा: वेदीवर नाही, वाचनपीठासमोर नाही, फादरांच्या येण्याजाण्याच्या वाटेत नाही. वाचनपीठाच्या बाजूला कमरेएवढ्या टेबलावर ठेवा. शेवटच्या बाकावर स्वतः बसून बघा. तिथून चारही दिसल्या पाहिजेत.

पंख्यांचा प्रश्न प्रत्येक चर्चमध्ये असतो. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे पंखा बंद करायची कोणाची तयारी नसते, आणि वाऱ्यात मेणबत्ती एका बाजूने ओघळून आठवड्यात संपते. ज्योतीपेक्षा उंच काचेची नळी ठेवा, खाली हवा जायला फट ठेवा, आणि चक्राच्या थेट वरचा एक पंखा बंद ठेवायची परवानगी शनिवारीच काढा. पंख्याखाली बसणारी मंडळी नाराज होतात. त्यांना पुढच्या बाकाचं आमंत्रण द्या.

तपासा: वाळूची बादली आणि ओलं फडकं टेबलाखाली आहे का? वात पाव इंचाहून लांब नाही ना? विझवायला दांड्याची टोपी आहे का? फुंकर मारली की वितळलेलं मेण पाल्यावर उडतं.

## ४. पहिला रविवार

चक्राचा आशीर्वाद फक्त या एका आठवड्यात होतो. तो मिस्सेच्या सुरुवातीला घ्यायचा की शनिवारी संध्याकाळी, हे फादर ठरवतील. पण पुढच्या तीन रविवारी पुन्हा आशीर्वादाची प्रार्थना लांबवू नका. तेव्हा मेणबत्ती शांतपणे पेटवली, एखादं कडवं गायलं, की पुरे.

पेटवण्याचा क्रम असा:

- पहिला रविवार: क्रमांक १.
- दुसरा: आधी १, मग २.
- तिसरा: १, २, आणि गुलाबी ३.
- चौथा: चारही, त्याच क्रमाने.

मधल्या आठवड्याच्या मिस्सेला त्या आठवड्यात जेवढ्या झाल्या तेवढ्याच. एका रविवारी कोणी विसरलं, तर पुढच्या रविवारी दोन्ही पेटवा आणि पुढे चला. भरपाईचा वेगळा सोहळा नको.

कोण पेटवणार याची यादी चारही आठवड्यांसाठी एकदम लावा. एका आठवड्यात एक कुटुंब, एकात धर्मशिक्षणाची मुलं, एकात ज्येष्ठ, असं आम्ही करतो. ऐन वेळी ‘कोणीतरी या’ म्हटलं की तेच दोघे-तिघे पुढे येतात.

बऱ्याच मंडळ्यांत चार मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावं देतात. क्रम जागोजागी थोडा बदलतो, मात्र आनंद तिसऱ्या रविवारीच ठेवा, कारण गुलाबी मेणबत्ती त्यासाठीच आहे.

सावध: चक्राच्या मध्यभागी पास्खाची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती आणून ठेवू नका. ‘स्टोअरमध्ये पडूनच आहे’ हे कारण मी ऐकलं आहे. तिची जागा या काळात बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी.

## ५. चार आठवड्यांत चर्चमध्ये काय असावं, काय नसावं

इथे थोडक्यात, कारण बहुतेक गोष्टी ‘करू नका’ याच आहेत.

रंग जांभळा. तिसऱ्या रविवारी गुलाबी वस्त्र असेल तर उत्तम. नसेल तर जांभळं. गुलाबी साडीचं कापड वेदीवर पसरण्याची गरज नाही.

फुलं असतात, पण थोडी. लोक उपवासकाळाशी गल्लत करून फुलं पूर्ण काढतात किंवा उलट पहिल्याच रविवारी झेंडूचे हार लावतात. एक साधी रचना पुरे, बाकी हिरवा पाला. वाद्यांचंही तसंच.

गायनवृंदाची ठरलेली चूक: या काळात रविवारी ‘ग्लोरिया’ (देवाच्या गौरवाचं गीत) गायचं नसतं, पण ‘आलेलुया’ गायचं असतं. उपवासकाळात दोन्ही नसतात, म्हणून सवयीने आलेलुयाही गाळतात. ८ डिसेंबरच्या सणाला मात्र ग्लोरिया आहे आणि वस्त्र पांढरं.

१७ डिसेंबरपासून काळाचा रोख बदलतो. तोवर वाचनं प्रभूच्या पुन्हा येण्याकडे आणि योहान बाप्तिस्माकर्त्याकडे पाहतात. १७ तारखेला मत्तयाची वंशावळ येते आणि थेट जन्माची तयारी सुरू होते. म्हणून कॅरलच्या (नाताळगीतांच्या) घरोघरी फेऱ्या मी १७ नंतर ठेवतो. सगळेच ऐकतात असं नाही. शाळेच्या परीक्षा आणि लोकांची लग्नं यांत तारखा अडकतात. निदान चर्चच्या आत, मिस्सेत, जन्माची गाणी २४ च्या संध्याकाळपर्यंत नकोत.

पापनिवेदनाची वेळ २० तारखेच्या आत लावा. २४ ला दुपारी रांग लागली की फादर, सजावटवाले आणि माइकवाला एकाच वेळी एकाच जागेसाठी भांडतात.

## ६. गोठा (१२ ते २३ डिसेंबर)

गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, लवकर बांधायला हरकत नाही. गोठा लवकर ‘पूर्ण’ करू नका.

१२ ते १३ डिसेंबर: शेत पेरा. उथळ ट्रेमध्ये माती, त्यावर रात्रभर भिजवलेला गहू दाट पसरा आणि ओल्या गोणपाटाने झाका. दोन-तीन दिवसांत मोड वर आले की गोणपाट काढून उजेडात ठेवा. २४ पर्यंत वीतभर हिरवंगार शेत तयार. नाचणीही चालते, ती बारीक गवतासारखी दिसते. मात्र दोन दिवस आधी पेरा. ५ तारखेला पेरलं तर नाताळला पिवळं पडून आडवं होतं, २० ला पेरलं तर नुसती माती दिसते.

१५ ते २० डिसेंबर: सांगाडा. बांबू, पुठ्ठा, गोणपाट, भाताचा पेंढा. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि बंदी नसती तरी बल्बच्या माळेजवळ तो ठेवू नये. जागा वेदीच्या चौथऱ्यावर नको. बाजूच्या वेदीपाशी किंवा प्रवेशद्वाराजवळ, जिथे लहान मुलं जवळ जाऊन पाहू शकतील.

मूर्ती मांडताना सर्वांत मोठं माप पुढे, लहान मागे. वेगवेगळ्या संचांतल्या मूर्ती एकत्र केल्या की मेंढरू गाढवाएवढं होतं. मारिया आणि योसेफ, बैल, गाढव, रिकामी गव्हाणी एवढंच २३ पर्यंत. मेंढपाळ थोडे लांब, आपल्या मेंढरांपाशी. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी आणि त्यांचे उंट तर गोठ्यात नकोतच. त्यांना चर्चच्या मागच्या दारापाशी, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा आणि नाताळनंतर दर एक-दोन दिवसांनी पुढे सरकवा. मुलं ‘आज कुठपर्यंत आले’ हे बघायला आपण होऊन येतात.

विजेचं काम वायरमनकडूनच. पेंढ्याखाली वायरचा जोड नको. झऱ्यासाठी पाण्याचा छोटा पंप लावायची हौस असते. लावायचा तर त्या बोर्डावर आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय नको, आणि बोर्ड पाण्याच्या पातळीच्या वर.

गोठ्यांच्या स्पर्धेबद्दल माझं मत गावात फारसं लोकप्रिय नाही. परीक्षक २२-२३ ला येतात, म्हणून बाळाला आधीच गव्हाणीत ठेवतात आणि वरचा तारा, म्हणजे चांदणी, लावतात. परीक्षक २५ नंतर बोलवा. एवढी एक तारीख बदलली की गावातले सगळे गोठे बरोबर होतात.

तपासा (२३ ला संध्याकाळी): बाळ येशूची मूर्ती कुठे आहे? किल्ली कोणाकडे आहे? हा प्रश्न विनोदी वाटतो. एका वर्षी आमच्याकडे मूर्ती कपाटात, किल्ली एका खिशात, आणि खिसा दुसऱ्या गावच्या मिस्सेला गेला होता. मिरवणुकीत फादरांनी दुपट्यात गुंडाळलेली उशी आणली. पुढच्या दोन बाकांना कळलं.

## ७. २४ डिसेंबर

या दिवसाचा कागद करा आणि साक्रिस्तीच्या (वस्त्रं आणि सामान ठेवायच्या खोलीच्या) दारावर चिकटवा. आमचा साधारण असा असतो.

दुपारी २ पर्यंत: आगमनचक्र उचला, किंवा चारही मेणबत्त्या काढून पांढऱ्या लावा. अर्धवट, म्हणजे जळालेल्या जांभळ्यांच्या मध्ये पांढरी फुलं, असं ठेवू नका. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत मध्यभागी पाचवी पांढरी ख्रिस्तज्योत असते. ती आज रात्री किंवा उद्या सकाळच्या उपासनेत पेटते. तिथे चक्र तसंच राहू द्यावं.

दुपारी ४ पर्यंत: पांढरी वस्त्रं, वेदीची पांढरी कापडं, फुलं. फुलांच्या बादल्या वेदीमागे विसरू नका.

संध्याकाळी ५: वाचनं पक्की करा. नाताळच्या मिस्सा चार आहेत: पूर्वसंध्येची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. प्रत्येकीची वाचनं वेगळी. रात्रीच्या मिस्सेत यशयाचा नववा अध्याय, तीताला पत्राचा दुसरा आणि लूकचा दुसरा, मेंढपाळांना देवदूत भेटतो तिथपर्यंत. पहाटे मेंढपाळ गोठ्यात पोहोचतात. दिवसाच्या मिस्सेत योहानाचा पहिला अध्याय. उजेडात बसलेल्या मंडळींपुढे ‘रात्री कळप राखीत होते’ वाचायचं का, याची मुभा फादरांना आहे, कारण गरजेनुसार संच बदलता येतो. पण निर्णय संध्याकाळी पाचला व्हावा, वाचक पायरी चढताना नव्हे. संच ठरला की फीत लावा आणि वाचकाला पान दाखवा.

माइक आणि वेळ: उघड्या मैदानात मिस्सा असेल तर २००० सालच्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. सवलतीचे दिवस जिल्हाधिकारी दरवर्षी जाहीर करतात. यंदाच्या यादीत २४ तारीख आहे की फक्त २५, हे आधी बघा. यादीत नसेल तर मिस्सा लवकर सुरू करा किंवा चर्चच्या आत घ्या.

मिस्सेआधी: ख्रिस्तजन्माची घोषणा गाऊन किंवा वाचून करतात. ती मिस्सा सुरू होण्यापूर्वी, दिवे मंद असताना. ती प्रवेशगीत नाही, आणि तिच्यामुळे मिस्सेतला कोणताही भाग गळत नाही.

बाळ येशूची मिरवणूक: पुढे धूप, क्रूस, मेणबत्त्या, मागे मूर्ती घेऊन फादर. गोठ्यापाशी थांबून मूर्ती गव्हाणीत, धूप, मग वेदीकडे. काही ठिकाणी हे ग्लोरियाच्या वेळी करतात. दोन्ही चालतं, पण गायनवृंदाला आणि धूपवाल्याला एकच गोष्ट माहीत असली पाहिजे.

ग्लोरिया: चार आठवड्यांनी रविवारच्या लोकांना ते आज पहिल्यांदा ऐकू येतं. घंटा, दिवे, तारा, सगळं इथे. दिवे एकदम लावू नका. आम्ही एका वर्षी ग्लोरियाच्या पहिल्या ओळीला मुख्य स्विच दाबला आणि सगळं चर्च अंधारात गेलं, कीबोर्डसकट. लोक अंधारातच गात राहिले, ते छान झालं, पण मुद्दाम करण्यासारखं नाही. आता तीन भाग करतो: आधी वेदी, मग सभागृह, शेवटी गोठा आणि तारा. प्रत्येक स्विचपाशी एक माणूस.

श्रद्धेची कबुली म्हणताना गुडघे: एरवी देवपुत्र मनुष्य झाला या ओळीला आपण मान लववतो. नाताळच्या मिस्सांत त्या ओळीला सगळे गुडघे टेकतात. हे जवळजवळ सर्वत्र राहून जातं. सुरू होण्याआधी एका वाक्यात सूचना द्या, आणि ओळ संपेपर्यंत पुढे पळू नका. वेदीसेवक टेकले की मंडळी टेकतात, म्हणून तालीम त्यांची घ्या.

सावध: मिस्सा संपल्यावर गोठ्यापाशी गर्दी होते आणि सगळे मोबाइल घेऊन पेंढ्यात वाकतात. दोरी आणि दोन स्वयंसेवक. शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर गोठ्याची वीज बोर्डावरून बंद, नुसती माळेची नाही.

## ८. नाताळनंतर: घाईने उतरवू नका

बाहेर २६ डिसेंबरला नाताळ संपतो. चर्चमध्ये तो तेव्हा सुरू झालेला असतो.

२६ ला संत स्तेफन, २८ ला हेरोदाने मारलेली निष्पाप बालकं, या दोन्ही दिवशी रंग लाल. मधल्या २७ ला संत योहान, रंग पांढरा. लाल वस्त्रं इस्त्री करून २४ च्या आधीच बाजूला ठेवा. त्यातला एखादा दिवस रविवारी आला तर त्या दिवशी पवित्र कुटुंबाचाच सण होतो. २०२६ मध्ये तो २७ डिसेंबरला आहे. १ जानेवारी देवमाता मरियेचा.

प्रकटीकरणाचा सण, म्हणजे तीन ज्ञानी पोहोचण्याचा दिवस, भारतात २ ते ८ जानेवारीच्या दरम्यानच्या रविवारी येतो: ३ जानेवारी २०२७, २ जानेवारी २०२८. त्या दिवशी ज्ञानी गोठ्यात आणा आणि मेंढपाळांना मागे सरकवा. गोव्यात रेईश मागूश, चांदर आणि कासावली इथे तीन राजांचं (म्हणजे याच तीन ज्ञानींचं) फेस्त ६ जानेवारीलाच असतं, घोड्यांवरून राजे येतात. तिकडच्या नातेवाइकांशी तारखेवरून वाद घालू नका, दोघंही बरोबर असता.

सजावट प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत ठेवायची: २०२७ मध्ये १० जानेवारी, २०२८ मध्ये ९ जानेवारी. २०२९ मध्ये प्रकटीकरण ७ ला येतं, म्हणून बाप्तिस्म्याचा सण दुसऱ्याच दिवशी, सोमवारी ८ ला.

तोवर फुलं कोमेजतात, गहू आडवा होतो. गव्हाचे ट्रे बदला किंवा काढून पेंढा पसरा, सुकलेला पाला दर दोन दिवसांनी काढा. कोरडी मोरपंखी आणि मेणबत्ती एका टेबलावर नकोतच.

उतरवताना:

१. आधी वीज पूर्ण बंद, मग माळा. ज्या माळा पेटल्या नाहीत त्या वेगळ्या, चिठ्ठी लावून.
२. मूर्ती जुन्या सुती कापडात गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई प्लास्टरवर उमटते.
३. तुटलेलं बोट, उडालेला रंग यांची दुरुस्ती जानेवारीतच. नोव्हेंबरात रंगारी दिवाळीनंतरच्या कामांत बुडालेला असतो.
४. उरलेल्या जांभळ्या मेणबत्त्यांची उंची मोजून वहीत लिहा. पुढच्या ऑक्टोबरात तेवढ्या एका आकड्यावर ऑर्डर देता येते.
५. खोकी उलट्या क्रमाने रचा: सर्वांत खाली ज्ञानी आणि उंट, त्यावर गोठा, आणि सर्वांत वर चक्राची परात, स्टँड आणि काचा. बाळ येशूचं खोकं वेगळं, साक्रिस्तीच्या कपाटात. किल्ल्या दोन, दुसरी फादरांकडे.